घरगुती नळातील शिसे : वऱ्हाडातील पाण्याच्या संदर्भात तपासणीची रीत

अमरावती व अकोला या दोन नगरांत पाण्याविषयी जो विचार होतो तो बहुतांशी दोन प्रश्नांभोवती फिरतो. पाणी केव्हा येणार हा पहिला, आणि ते गोड की खारे हा दुसरा. पाणी ज्या नळातून येते त्या नळाच्या धातूविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः जलाशयापाशी निर्दोष ठरलेले पाणी स्वयंपाकघरातील तोटीपर्यंत पोचेतो सदोष होऊ शकते, आणि असा दोष ज्यांमुळे येतो त्या पदार्थांत शिसे हे सर्वांत कपटी म्हणावे लागेल. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाण्यात जेवढ्या प्रमाणात ते आढळते तेवढ्याने चवही बदलत नाही. घरातील नळयोजनेत शिसे आहे किंवा नाही हे कसे ताडून पाहावे, आणि पाश्चात्त्य देशांत रूढ झालेली तपासणीची रीत वऱ्हाडातील परिस्थितीत कोठवर लागू पडते, याचे विवेचन येथे योजिले आहे.

शिशाचा आणि नळाचा संबंध इतका जुना आहे की लॅटिन भाषेत शिशाला असलेल्या ‘प्लंबम’ या नावावरूनच ‘प्लंबर’ हा शब्द निघाला. हाती पाना घेऊन घरोघरी जाणाऱ्या वऱ्हाडी प्लंबरच्या व्यवसायनामात हे शिसे दडलेले आहे याची त्याला कल्पना असण्याचे कारण नाही. शिसे मऊ, हवे तसे वाकणारे आणि सहज वितळणारे असल्यामुळे रोमन लोकांनी त्याचे नळ केले. त्यांच्यातीलच व्हिट्रुव्हियस या स्थापत्यशास्त्रज्ञाने शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांच्या निस्तेज वर्णाकडे बोट दाखवून मातीचे नळ अधिक आरोग्यदायक असल्याचे लिहून ठेवले होते. त्याचे कोणी ऐकले नाही हे उघड आहे, कारण त्यानंतर सुमारे दोन सहस्र वर्षे युरोपात आणि पुढे अमेरिकेत रस्त्यातील मोठ्या नळापासून घरापर्यंतची जोडणी शिशाच्या नळांनीच होत राहिली.

हिंदुस्थानात हा प्रकार त्या प्रमाणावर झाला नाही. येथे घरगुती जोडणीसाठी मुख्यतः जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ, म्हणजे बाजारात ज्यांना जीआय पाइप म्हणतात ते, वापरले गेले. आणि अलीकडच्या काही दशकांत त्यांची जागा पीव्हीसी व सीपीव्हीसीच्या नळांनी घेतली. यावरून ‘आपल्याकडे शिशाचे नळच नाहीत, मग तपासावयाचे काय?’ असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. नळ शिशाचा नसला तरी नळयोजनेत शिसे असू शकते, आणि ते निदान पाच ठिकाणी असू शकते.

पहिले ठिकाण रस्त्याखालचे. जुन्या बिडाच्या नळांचे सांधे करताना एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद मुखात बसवून, फटीत तागाची दोरी ठोकून, तिच्यावर वितळलेले शिसे ओतीत आणि ते थंड झाल्यावर छिन्नीने ठोकून घट्ट करीत. लेड जॉइंट या नावाने ही पद्धत देशभर रूढ होती. सांध्यासाठी वापरावयाच्या शिशाकरिता भारतीय मानक संस्थेने स्वतंत्र मानकही केले होते. अशा सांध्यात पाण्याला लागणारा शिशाचा पृष्ठभाग अल्प असतो आणि नळातून वाहणारे पाणी पुष्कळ, त्यामुळे या ठिकाणाहून येणारा धोका तुलनेने लहान समजला जातो.

दुसरे ठिकाण नळाच्या आट्यांचे. जीआय नळाच्या आट्यांवर सूत गुंडाळून त्यावर सफेदा फासण्याची रीत वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या प्लंबरला ठाऊक आहे. मूळचा सफेदा म्हणजे शिशाचा क्षारीय कार्बोनेट. त्याच कामी शेंदूरही वापरीत, आणि शेंदूर हा तर शिशाचाच ऑक्साइड होय. आज सफेदा या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यात जस्ताचे किंवा टायटेनियमचे संयुग असू शकते, नुसती खडूची भुकटीही असू शकते. परंतु तीस-चाळीस वर्षांपूर्वी बसविलेल्या सांध्यात काय भरले आहे हे नावावरून ठरत नाही.

तिसरे ठिकाण जस्ताचा मुलामा. लोखंडावर चढविण्यासाठी जे जस्त पूर्वी सर्रास वापरले जाई त्यात शिशाचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असे. मुलाम्याच्या कुंडात शिसे असणे कारागिराला सोयीचेही वाटे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा मुलामा हा पाण्यातील शिशाचा दीर्घकाळ टिकणारा उगम ठरू शकतो असे दाखविले. चौथे ठिकाण पितळेची तोटी, व्हॉल्व्ह आणि पाण्याचा मीटर. पितळ कातकामाला सुलभ व्हावे म्हणून त्यात शेकडा दोन-तीन, क्वचित त्याहून अधिक शिसे मिसळण्याची पद्धत आहे. तांब्याचे नळ जेथे असतील तेथे सांधे झाळण्याच्या मिश्रधातूत कथिलाबरोबर निम्मे शिसे असे, पण वऱ्हाडातील घरांत तांब्याचे नळ विरळाच.

पाचव्या ठिकाणाचा विचार अधिक सावकाश करावयास हवा, कारण नव्या घरांचा संबंध त्याच्याशी येतो. पीव्हीसी हे बहुलक उष्णतेने विघटित होऊ लागते. म्हणून नळ ओतताना त्यात स्थिरक मिसळावा लागतो. स्वस्त आणि कार्यक्षम स्थिरक म्हणून भारतात शिशाच्या संयुगांचा दीर्घकाळ वापर झाला. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी नळांसाठी असलेल्या आयएस ४९८५ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत नळात पाणी भरून ठेवून करावयाची निष्कर्षण-चाचणी दिली होती. तीनुसार पहिल्या निष्कर्षणात लिटरला १.० मिलिग्रॅम, तर तिसऱ्या निष्कर्षणात ०.३ मिलिग्रॅमपर्यंत शिसे क्षम्य मानले होते. पिण्याच्या पाण्याची आजची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे हे ध्यानी घेतले म्हणजे हे आकडे कितपत उदार होते ते कळते. अर्थात निष्कर्षण-चाचणीची स्थिती मुद्दाम कठोर ठेवलेली असते, आणि तिचे आकडे तोटीच्या पाण्याला जसेच्या तसे लावणे न्याय्य होणार नाही. तथापि पहिल्या व तिसऱ्या निष्कर्षणासाठी दोन वेगवेगळ्या मर्यादा ठेवाव्या लागल्या यातच नव्या नळाचे वर्तन दिसून येते. पृष्ठभागावरील शिसे प्रारंभी झपाट्याने सुटते आणि पुढे ओसरते. हा विषय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेल्यानंतर केंद्र शासनाने २०२१ साली पीव्हीसी नळांतील शिसेयुक्त स्थिरकांविषयी स्वतंत्र नियम केले. त्यापूर्वी भिंतीत चिणलेले नळ मात्र आहेत तेथेच आहेत.

शिसे कोठे आहे हे कळल्याने ते पाण्यात किती उतरेल हे कळत नाही. ते पाण्याच्या स्वभावावर अवलंबून असते, आणि येथेच वऱ्हाडाचा प्रश्न रंजक होतो. शिशावर पाण्यातील प्राणवायूची क्रिया होऊन ऑक्साइड व कार्बोनेट यांचा पातळ थर बसतो. हा थर जेवढा अविद्राव्य तेवढे आतील धातूचे पाण्यापासून रक्षण अधिक. मृदू आणि आम्लधर्मी पाण्यात असा थर टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे पठारी दलदलींतून आलेल्या पाण्याने शिसेबाधा झाली ती याच कारणाने. दख्खनच्या काळ्या कातळातून आलेले वऱ्हाडचे भूजल याच्या उलट, म्हणजे कठीण आणि अल्कधर्मी. त्यामुळे ते शिशाला कमी झोंबेल असे सामान्यतः समजले जाते. ही समजूत अर्धी खरी आहे. कार्बोनेटचे प्रमाण वाढत गेले की शिशाची विद्राव्यता प्रथम कमी होते, परंतु एका मर्यादेपलीकडे शिशाचे कार्बोनेटबरोबर विद्राव्य संकुल बनू लागते आणि ती पुन्हा वाढते. केवळ पाणी कठीण आहे म्हणून नळ निर्धोक, असे अनुमान काढता येत नाही.

याहून महत्त्वाचा घटक क्लोराइड. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून जो गाळाचा पट्टा पसरला आहे, त्याला खारपाणपट्टा म्हणतात. तेथील विहिरींच्या पाण्यात सोडियम व क्लोराइड यांचे प्रमाण पिण्यास अयोग्य ठरावे इतके असते. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले आणि पाणी विजेचे सुवाहक असले, की त्यांच्यामध्ये लहानसा विद्युत्‌घट तयार होतो आणि शिशाचे क्षरण वेगाने होते. पाण्यातील क्लोराइडचे सल्फेटशी असलेले वजनी प्रमाण साधारणतः अर्ध्याहून अधिक झाले की हे क्षरण वाढते असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले. मात्र तो ठोकताळा मुख्यतः अल्कता कमी असलेल्या पाण्यावरून बसविलेला असल्यामुळे अल्कता अधिक असलेल्या पूर्णाकाठच्या पाण्याला यांत्रिकपणे लावणे चुकीचे होईल. तेथे मापन हाच मार्ग उरतो.

पाण्याचा उगम बदलला म्हणजे काय घडू शकते याचे आधुनिक काळातील गाजलेले उदाहरण अमेरिकेतील फ्लिंट या नगराचे. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी त्या नगराने सरोवराचे पाणी सोडून फ्लिंट नदीचे पाणी घेतले. नदीच्या पाण्यात क्लोराइड अधिक होते आणि नळातील थर टिकविण्यासाठी पूर्वीच्या पाण्यात असणारा फॉस्फेट नव्या पाण्यात घातला गेला नाही. नळांतील जुने थर सुटू लागले. यंत्रांचे भाग गंजतात म्हणून जनरल मोटर्सच्या तेथील कारखान्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात ते पाणी नाकारले. नागरिकांना मात्र ते ऑक्टोबर २०१५ पर्यंत प्यावे लागले. यंत्राची काळजी माणसाच्या काळजीहून आधी घेतली गेली, हा तपशील विसरण्याजोगा नाही. फ्लिंटमधील ज्या एका घराच्या पाण्यात अतोनात शिसे सापडले त्या घराच्या आतील सर्व नळ प्लॅस्टिकचे होते. शिसे आले ते रस्त्यापासून घरापर्यंतच्या जोडणीतून. वऱ्हाडाशी ही घटना जुळवून पाहण्यासारखी आहे. अमरावतीने वडाळीसारख्या जुन्या तलावांवरून मोर्शीजवळच्या सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाकडे, तर अकोल्याने महान येथील काटेपूर्णा जलाशयाकडे आपला भार वळविला, आणि खारपाणपट्ट्यातील अनेक गावे वान धरणावरील ८४ खेडी योजनेसारख्या प्रादेशिक योजनांवर आली. पाणी अधिक गोड झाले, हे निर्विवाद हित आहे. परंतु उन्हाळ्यात योजनेचे पाणी आटले की तीच घरे पुन्हा कूपनलिकेकडे वळतात, आणि एकाच नळातून वर्षभरात दोन स्वभावांचे पाणी आळीपाळीने वाहते. एका पाण्यात जमलेला थर दुसऱ्या पाण्यात सुटणे रासायनिकदृष्ट्या स्वाभाविक आहे.

मर्यादेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आयएस १०५०० या मानकाने १९९१ साली पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम ठेवली होती. २०१२ च्या आवृत्तीत ती ०.०१ वर आली, आणि पर्यायी उगम नसल्यास काही घटकांना जी सवलत मिळते ती शिशाला दिलेली नाही. हा ०.०१ चा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या गणितातून आला. दररोज शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ३.५ मायक्रोग्रॅम शिसे सहन होते असे गृहीत धरले. बाटलीचे दूध पिणारे ५ किलोग्रॅम वजनाचे अर्भक घेतले. त्याच्या वाट्यापैकी निम्मे शिसे पाण्यातून येते असे मानले. आणि ते अर्भक दिवसाला पाऊण लिटर पाणी घेते असे धरले. भागाकार केल्यावर लिटरला ११.७ मायक्रोग्रॅम येतात, त्याचे १० केले. पुढे २०१० साली तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने ३.५ चा तो मूळ आकडाच मागे घेतला, कारण ज्याच्या खाली मुलांच्या बुद्धीवर परिणाम होत नाही अशी पायरी सापडेना. म्हणजे मर्यादा राहिली, पण तिचा आधार गेला. तिला आरोग्याची हमी न समजता व्यवहारात साधता येण्याजोगी पायरी समजावे, हे उत्तम. प्रौढ माणूस पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दशांश शोषून घेतो, तर लहान मूल निम्म्यापर्यंत. आणि शिसे कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळता येईल. तिची सुरुवात डोळ्यांनी व हातांनी करावी. भिंतीबाहेर दिसणाऱ्या नळाला लोहचुंबक लावावा. चिकटला तर नळ लोखंडाचा. न चिकटल्यास किल्लीच्या टोकाने हलकेच ओरखडा काढावा. तांबे तांबूस दिसेल, पितळ पिवळे. शिसे सहज कोरले जाईल आणि मळकट राखाडी पृष्ठाखाली रुप्यासारखी चकाकी दाखवील, जी थोड्या वेळात मावळते. शिशाच्या नळावर ठोकले असता आवाज बद्द येतो, खणखणत नाही. अमरावतीच्या परकोटातील किंवा जुन्या अकोल्यातील एखाद्या वाड्यात असा नळाचा तुकडा आढळलाच तर तो अपवाद समजावा, पण पाहिल्याशिवाय नाही म्हणू नये. प्लॅस्टिकच्या नळावरील छापील मजकूर वाचावा : आयएस ४९८५ म्हणजे पीव्हीसी, आयएस १५७७८ म्हणजे सीपीव्हीसी, आयएस ४९८४ म्हणजे एचडीपीई. यांपैकी शिशाचा संशय मुख्यतः पहिल्याबद्दल. नळ काढताना मिळालेला पीव्हीसीचा कीस सोडियम सल्फाइडच्या विरल द्रावणात ठेवला असता काळपट झाला, तर शिसेयुक्त स्थिरकाचा संशय बळावतो. आट्यांवरील जुना सफेदा खरवडून विरल नायट्रिक आम्लात विरघळविला आणि त्यात पोटॅशियम आयोडाइड घातले असता शिशाचे पिवळे आयोडाइड खाली बसते. या गुणात्मक चाचण्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका दुपारी करता येतील. त्या वस्तूविषयी सांगतात, पाण्याविषयी नाही. आणि पाण्यासाठी याच चाचण्या वापरल्या तर काहीही दिसणार नाही, कारण तेथे शोधावयाचे प्रमाण फार सूक्ष्म आहे.

पाण्याचा नमुना घेण्याची जी रीत अमेरिकेत १९९१ च्या नियमाने रूढ झाली, तीत नळ किमान सहा तास बंद ठेवून सकाळी उघडताच पहिले एक लिटर पाणी घेतात. नळात चोवीस तास दाबाने पाणी असते, हे या रीतीचे गृहीत. अकोल्यात काही दिवसांआड पाणी येते; अमरावतीतही पुरवठा ठरलेल्या वेळेपुरता असतो. मधल्या काळात रस्त्यापासून टाकीपर्यंतचा नळ रिकामा होतो, त्यात हवा शिरते, आतील थर सुकून तडकतो, आणि पुढच्या वेळी पाण्याचा पहिला लोट ते कण घेऊन येतो. सुरुवातीचे लालसर पाणी सांडून देणाऱ्या वऱ्हाडातील गृहिणीला हे अनुभवाने माहीत आहे. लोखंडाच्या गंजावर शिसे चिकटून राहते, म्हणून त्या लालसर पाण्याचा नमुना वगळता कामा नये. परदेशी नियमावलीतील एक बाटली येथे पुरत नाही. निदान तीन ठिकाणी नमुने घ्यावेत : पुरवठा सुरू होताच रस्त्याकडील जोडणीतून आलेले पहिले पाणी, गच्चीवरील टाकीतील पाणी, आणि रात्रभर बंद राहिलेल्या स्वयंपाकघरातील तोटीचे पाणी. तिन्हींची तुलना केल्यावर दोष घराबाहेरचा, टाकीचा की आतल्या नळाचा, हे उकलते.

तिसऱ्या नमुन्याचे आणखी विभाजन करता येते. १५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळात दर मीटरला सुमारे ०.१८ लिटर पाणी मावते, २० मिलिमीटरच्या नळात ०.३१ लिटर. टाकीपासून तोटीपर्यंत १२ मीटर लांबीचा १५ मिलिमीटरचा नळ असेल तर त्यात सव्वादोन लिटरांहून किंचित कमी पाणी उभे असते. सकाळी प्रथम पाव लिटरची एक बाटली भरावी, ती मुख्यतः तोटीचे वर्तन सांगते. पुढे पाव-पाव किंवा अर्ध्या लिटरच्या बाटल्या क्रमाने भरीत तीन लिटरांपर्यंत जावे. शिसे पहिल्याच बाटलीत अधिक आणि पुढे नाहीसे होत असेल तर पितळेची तोटी दोषी. सव्वादोन लिटरांपर्यंत टिकून मग उतरत असेल तर नळ दोषी. उतरतच नसेल तर टाकीकडे, वा तिच्याही मागे, पाहावे. जुन्या जीआय नळात गंजाने पोकळी अरुंद झालेली असते, तेव्हा या हिशेबातील लिटर कमी धरावे लागतात.

बाटल्या पॉलिथिनच्या, आधी विरल नायट्रिक आम्लाने धुतलेल्या असाव्यात. तोटीची जाळी काढू नये, कारण शिशाचे कण तेथेच अडकतात आणि तेच पाणी लोक पितात. आदल्या रात्री मुद्दाम नळ वाहता सोडू नये. फ्लिंटमध्ये नागरिकांना तशी सूचना दिली गेली होती, आणि तिच्यामुळे निष्कर्ष खरे होते त्याहून सौम्य निघाले. नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणावा आणि किमान सोळा तास ठेवून मगच मापन करावे, म्हणजे बाटलीच्या भिंतीला चिकटलेले शिसे परत द्रावणात येते. विरघळलेले शिसे आणि कणरूप शिसे वेगळे करावयाचे असल्यास आम्ल घालण्यापूर्वीच ०.४५ मायक्रॉनच्या पटलातून एक भाग गाळून घ्यावा.

मापनाच्या उपकरणाविषयी विद्यार्थ्यांचा बहुधा गोंधळ होतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ज्योतीवर चालणारा आण्विक शोषण वर्णपटमापक असला तरी ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपासचे शिसे तो विश्वासाने मोजीत नाही. नमुना आटवून किंवा निष्कर्षणाने संकेंद्रित करून घ्यावा लागतो. ‘शिसे आढळले नाही’ असा शेरा देणाऱ्या अहवालात उपकरणाची शोधमर्यादा दिलेली नसेल तर तो अहवाल निरर्थक होय. जुनी डायथिझोन पद्धत आजही शिकविण्यास उत्तम आहे. शिशाबरोबर डायथिझोनचे चेरीसारखे लाल संकुल क्लोरोफॉर्ममध्ये उतरते आणि ५१० नॅनोमीटरला मोजता येते. पण तिची पोच सुमारे एका मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि मर्यादेवरील १०० मिलिलिटर पाण्यात नेमके एकच मायक्रोग्रॅम शिसे असते. म्हणून निदान अर्धा-एक लिटर नमुना आटवून घ्यावा लागेल. शिवाय तीत सायनाइड व क्लोरोफॉर्म वापरावे लागत असल्याने देखरेखीवाचून ती करू नये. ग्रॅफाइट भट्टीचे किंवा आयसीपी-एमएस हे उपकरण ज्यांना उपलब्ध असेल त्यांनी खारपाणपट्ट्यातील नमुन्यांबाबत वेगळी सावधगिरी बाळगावी. क्लोराइड अधिक असले की भट्टीत शिसे बाष्पशील क्लोराइडच्या रूपाने मापनापूर्वीच उडून जाते आणि आकडा खोटा कमी येतो. पॅलेडियम किंवा अमोनियम फॉस्फेट यांसारखे परिवर्तक घालून, आणि ज्ञात प्रमाणात शिसे मिसळलेल्या नमुन्याशी ताडून, ही चूक टाळता येते. गावोगावी वापरल्या जाणाऱ्या क्षेत्र-तपासणी संचात कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट अशा घटकांची सोय असते, शिशाची नसते, हेही लक्षात असावे.

ऋतूचाही विचार हवा. मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४५ अंशांच्या पलीकडे जाते आणि गच्चीवरील टाकी व उघड्यावरचे नळ दुपारी तापतात. उष्ण पाण्यात शिसे अधिक वेगाने सुटते, म्हणून केवळ हिवाळ्यात घेतलेला एक नमुना वर्षाचे प्रतिनिधित्व करू शकत नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, तसेच धरणाच्या व कूपनलिकेच्या पाण्यावर, निरनिराळे नमुने घेणे योग्य.

पाणी निर्दोष निघाले आणि तरीही घरातील मुलाच्या रक्तात शिसे अधिक असले, तर उगम अन्यत्र शोधावा. भेसळयुक्त हळद, सुरमा, जुन्या दारांचा रंग, जवळपास बॅटऱ्या वितळविण्याचे काम, आणि शिसे मिसळलेल्या कथिलाने केलेली कल्हई, यांपैकी कोणतेही कारण संभवते. उलट खारपाणपट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा चालू असता, शिसे मूत्रपिंडाला अपाय करते एवढ्यावरून त्या विकारांचे खापर नळांवर फोडणेही तितकेच अशास्त्रीय. आधी मापन व्हावे.

दोष सापडल्यावरच्या उपायांत लोक प्रथम पाणी उकळतात. उकळल्याने शिसे जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढतेच. तुरटीने किंवा फडक्याने गाळूनही विरघळलेले शिसे जात नाही. आरओ यंत्राने ते बव्हंशी निघते, मात्र शुद्ध झालेले क्षारविरहित पाणी पुन्हा पितळेच्या तोटीतून घेऊ नये, कारण असे पाणी धातूला अधिक झोंबते. सकाळी काही मिनिटे नळ वाहू द्यावा, हा परदेशी पुस्तकांतील सल्ला काही दिवसांआड पाणी मिळणाऱ्या घराला क्रूर थट्टेसारखा वाटेल. तेथे पहिल्या दोन-तीन लिटरांचे भांडे वेगळे धरून ते धुण्याला व झाडांना वापरणे एवढेच शक्य आहे. नळाचा अर्धाच भाग बदलल्यास नव्या-जुन्या धातूंच्या सांध्यावर क्षरण वाढून काही महिने शिसे उलट वाढू शकते, त्यामुळे बदल करावयाचा तर संशयित तुकडा संपूर्ण काढावा आणि त्यानंतर नमुना पुन्हा घ्यावा. पितळेची तोटी बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय असून क्रमवार बाटल्यांनी ती दोषी ठरल्यास तेवढ्यानेच काम भागते.

प्रत्येक बाटलीवर स्थळ आणि वेळ यांखेरीज तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात : शेवटचा पुरवठा येऊन किती तास लोटले, त्या दिवशी पाणी धरणाचे होते की कूपनलिकेचे, आणि नळ कोणत्या साली बसविला गेला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरमालकापेक्षा त्या वस्तीतील जुन्या प्लंबरकडून मिळण्याचा संभव अधिक.